सर्चची पावती कुणाच्या नावावर?

सर्चसाठी पैसे मोजावेत का, हा प्रश्न मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या ऑनलाईन केंद्रचालकांमध्ये आता निघू लागला आहे. कागी नावाचं सर्च इंजिन जाहिराती दाखवत नाही. महिन्याला 5 डॉलरमध्ये 300 शोध, 10 डॉलरमध्ये हवे तितके. दहा डॉलर म्हणजे आठ-नऊशे रुपये. झेरॉक्स आणि फॉर्मवर चालणाऱ्या दुकानाला ही रक्कम जाणवते.

पण फुकटचं सर्च फुकट पडतं का? एखादा संत्रा व्यापारी उद्यम नोंदणीसाठी येतो. आपण गूगलवर दोन शब्द टाकतो. वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित', त्याखाली सरकारी वाटावं असं पान, तिरंग्याचे रंग, हुबेहूब अर्ज. शेवटी फी मागितली जाते. वास्तविक 1 जुलै 2020 पासून सुरू असलेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. जाहिरात खाजगी एजंटाची, क्लिक आपला आणि पावती फाटली व्यापाऱ्याच्या नावावर. हे मला फार गंभीर वाटतं, कारण तो आपल्या भरवशावर काउंटरपाशी उभा असतो.

जाहिरातीवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणार, हे गूगलच्या संस्थापकांनीच 1998 च्या शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं. पुढे गूगलचा जाहिरात विभाग सांभाळलेले श्रीधर रामस्वामी बाहेर पडले आणि त्यांनी निवा हे बिनजाहिरातीचं, वर्गणीचं सर्च काढलं. 2023 मध्ये ते बंद पडलं. समोर आहे ते सर्च लोक सहसा बदलत नाहीत. आयफोनवर आधीपासून लावलेल्या सर्चची जागा टिकवायला गूगलने 2022 मध्ये ॲपलला 20 अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं.

तरीही आपल्या भागापुरतं माझं मत आहे की सध्या वर्गणी भरू नये. आपल्याकडे माणूस मराठी बोलतो आणि कागद हिंदीत निघतो. सौंसरचा शेतकरी 'सातबारा काढून द्या' म्हणतो. तो शब्द टाकला की महाराष्ट्राचं भूलेख उघडतं. त्याला हवा असतो मध्य प्रदेशचा खसरा आणि बी-1. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा झाला, पण जुन्या पानांवर अजून छिंदवाडाच आहे. कागी बरेचसे निकाल इतर इंजिनांकडूनच घेतं. पैसे भरून जाहिराती जातील, पण जे पान मराठीत कुणी लिहिलंच नाही ते कुठून येणार?

त्यापेक्षा भूलेख, समग्र, पीएम किसान, उद्यम ही रोजची पोर्टलं ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा. त्यांच्यासाठी सर्च लागतंच कशाला? नवीन योजना आली तर पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' पाहिल्याशिवाय गिऱ्हाईकाचा आधार क्रमांक टाकू नका. डकडकगो हे सर्च इंजिन मोफत आहे आणि त्याच्या सेटिंगमध्ये जाहिराती बंद करता येतात. दुकानातल्या संगणकावर तेच ठेवा. भाषांतराची किंवा प्रोजेक्टची कामं घेणाऱ्यांनी कागीचे सुरुवातीचे 100 मोफत शोध जरूर वापरून पाहावेत. त्यांना वर्गणी परवडू शकेल.

बँकेचा किंवा गॅसचा कस्टमर केअर नंबर मात्र सर्चमधून कधीही देऊ नका. पासबुकावर, गॅसच्या पावतीवर तो छापलेला असतो. आणि कुणाचे पैसे गेलेच, तर त्याला घरी न पाठवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर फोन तिथल्या तिथे, आपल्या काउंटरवरून लावून द्या.