मुलांना बंदी, मक्तेदारांना मोकळीक

वर्धा जिल्ह्यातील जाम हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, चंद्रपूरकडे फाटा फुटणारे गाव. भोवती कापूस आणि सोयाबीनचे शिवार. येथील शेतकरी हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेतो तेव्हा भाव पडलेला असला तरी काटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. त्याच्याच घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींकडून मात्र रोज एक माल काट्याशिवाय आणि पावतीशिवाय उचलला जातो. तो माल म्हणजे त्यांचे लक्ष.

समाजमाध्यमांवरील किशोरांच्या सुरक्षिततेची चर्चा या अर्थव्यवहारापासून सुरू व्हावयास हवी. ती सुरू होते उपदेशापासून: अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो पाठवू नका, पासवर्ड सांगू नका. हा उपदेश खोटा नाही, पण अपुरा आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेल्या ‘मेटा’ कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील शेकडा ९७ हून अधिक वाटा जाहिरातींचा होता. जाहिरात विकायची तर माणूस पडद्यापुढे खिळून राहिला पाहिजे. चित्रफितींची न संपणारी रांग आणि पसंतीचे आकडे त्यासाठीच असतात. फ्रान्सिस हौगेन या माजी कर्मचारी बाईंनी २०२१ साली कंपनीची कागदपत्रे उघड केली. तिघींपैकी एका किशोरवयीन मुलीची स्वतःच्या शरीराविषयीची अस्वस्थता इन्स्टाग्राम वाढवते, असे त्यांतील अंतर्गत टिपणातच नमूद होते. कंपनीला हे ठाऊक होते. धंदा थांबला नाही.

यावर गावांनी काय केले? यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि दूरदर्शनसंच बंद ठेवण्याचा पायंडा पडला. दोन्हींमागची कळकळ खरी. परंतु दोहोंत मूलभूत भेद आहे. वडगावात थोरांनीही स्वतःवर बंधन घातले. बान्सीत ते केवळ मुलांवर आले.

बंदीचा पहिला वार मुलीवर पडतो. एखाद्या मुलीचे छायाचित्र विकृत करून कोणी तिला धमकावले, तर ती घरी सांगत नाही. कारण फोन जाईल, पाठोपाठ शाळा जाईल आणि लग्नाची घाई होईल, हे ती जाणते. धमकावणाऱ्याचे खरे भांडवल तिला वाटणारी घराची हीच भीती असते. बंदी ते भांडवल वाढवते.

शासनाचा दंडुकाही चुकीच्या पाठीवर पडत आला आहे. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरील एका साध्या मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली. ज्या कलम ६६-अ चा तेथे आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये गुंतवले. टाळेबंदीच्या त्याच वर्षी शाळा मोबाईलवर गेल्या आणि गिऱ्हाईक आयतेच घरपोच मिळाले.

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करण्यास मनाई केली, २०० कोटींपर्यंत दंडही ठेवला. पण त्याच कलमात शासनाला सूट देण्याचा अधिकार आहे. नियम प्रसिद्ध होण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य बंधनांसाठी पुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. शिवाय सारी भिस्त पालकांच्या संमतीवर! मजुरीहून परतलेली आई फोन चालवण्यासाठी मुलाचीच मदत घेते. तिने कशाला संमती दिली म्हणायचे? ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांसंबंधीचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. वयोमर्यादेबद्दल मतभेद असू शकतील. परंतु तेथे दंड मुलाला वा पालकाला नाही, कंपनीला आहे. हे तत्त्व घेण्यासारखे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत बंदीचा ठराव आला तर त्यास दोन कलमे जोडावीत. पहिले शासनासाठी: मुलांबाबत एकाही कंपनीला सूट नको, तक्रार मराठीत स्वीकारून ठराविक मुदतीत निकाली काढण्याची सक्ती हवी. दुसरे गावासाठी: सायंकाळी उघडे असणारे वाचनालय, मुलींनाही मोकळे असणारे मैदान, आणि तक्रार करणाऱ्या मुलीचे शिक्षण थांबणार नाही अशी पालकांची जाहीर हमी. बालकांसाठीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहावेत.

कापसाच्या काट्यासाठी भांडणाऱ्या चळवळीने मुलांच्या लक्षाचा व्यापार खाजगी बाब मानू नये. मुलांना शिस्त लावणे सोपे असते, कारण ती समोर असतात. मक्तेदार दूर असतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठीच संघटना असते.