पाळी गेली, नोकरी कशाला जावी?

डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दवाखान्यात दात साफ करणारी शिकलेली बाई. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने या कामाची सरकारी नोंद सुरू केली. दिवसभर मान वाकवून, चिमटीत हत्यार घट्ट धरून दातांवरचे किटण काढायचे!

बहुधा 45 ते 55 या वयात पाळी जाते. तेव्हा मास्क-हातमोज्यांत एकदम अंग भाजते, घाम फुटतो, झोप उडते, सांधे आखडतात. घरचे म्हणतात, ‘आता पुरे कर.’ पण पगार सोडण्याआधी कामाची रीत बदलून पाहा.

पेशंटची खुर्ची वर घ्या, म्हणजे मान कमी वाकेल. हत्याराला धार ठेवा; बोथट हत्याराला जोर जास्त लागतो. दोन पेशंटांमध्ये बोटे व खांदे मोकळे करा. आत सुती कपडे घाला. खोली थंड ठेवायला सांगा. सांगण्यात लाज कसली? जेवणात नाचणी, तीळ असू द्या.

रात्री हाताला मुंग्या येतात, खांदा वर जात नाही, तर डॉक्टरांना दाखवा. अंगातून निघणाऱ्या वाफांवरही औषधे आहेत. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर ‘वयाचे असेल’ म्हणून थांबू नका. लगेच तपासून घ्या.

कष्टाने शिकलेले काम हातचे जाऊ देऊ नका.