दात आंबलेत? पोटाला विचारा!

थंड पाण्याचा घोट घेतला की दात शिवशिवतात, म्हणून तुम्ही टूथपेस्ट बदलता. मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी घसा खाकरावा लागतो, त्याचं खापर ऑफिसच्या एसीवर. दुखणी दोन, डॉक्टरही दोन. पण कधी कधी गुन्हेगार एकच असतो आणि तो बसलेला असतो पोटात.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप असते. ती ढिली पडली की पोटातलं ॲसिड वर चढतं. छातीत जळजळलं तर आपण ओळखतो, गोळी चघळतो, विषय संपला. गंमत म्हणजे काहींना जळजळ होतच नाही. ॲसिड झोपेत गुपचूप वर येतं आणि तेव्हा लाळही कमी सुटते, म्हणजे ते धुऊन टाकायलाही कुणी नाही.

दाताचं इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. पोटातलं ॲसिड असतं १ ते ३च्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. झीज बहुतेकदा वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला होते, जी आरशात दिसतच नाही. त्यामुळे पोटाचं हे दुखणं आधी डेंटिस्टच्या लक्षात येऊ शकतं. गेलेलं इनॅमल मात्र परत येत नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

श्वासाचं प्रकरण जास्त वाईट. ॲसिडचे बारीक थेंब श्वासनलिकेत उतरतात, नाहीतर अन्ननलिका चिडली की नसांमार्फत श्वासनलिकाही आकसते. मग कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, आणि दमा असेल तर तो बळावतो. २००६च्या मॉन्ट्रियल व्याख्येत तज्ज्ञांनी खोकला, स्वरयंत्राची सूज, दमा आणि दातांची झीज या चौघांचं रिफ्लक्सशी नातं मान्य केलं. अर्थात प्रत्येक खोकला ॲसिडिटीचा नसतो, तेव्हा निदान डॉक्टरांनाच करू द्या.

आंबट पाणी तोंडात आलं की लगेच ब्रश नको, मऊ झालेलं इनॅमल घासून निघतं. नुसत्या पाण्याने चूळ भरा, तासभर थांबा. साडेअकराला पार्सल बिर्याणी आणि बाराला बेड, हा कार्यक्रम तर बंदच. मध्ये तीन तास हवेत. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाची डोक्याकडची बाजू पाच-सहा इंच उचला. उशांची चळत नको, त्याने पोटच दुमडतं. घास अडकतोय किंवा वजन उतरतंय, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

आणि हो, डेंटिस्टच्या खुर्चीत बसलात की रात्रीच्या खोकल्याबद्दलही सांगून टाका. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.