अपडेट करा, पण आधी प्रत काढा

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारी निवांत बसून जुने काम पुढे न्यावे म्हणून कम्प्युटर सुरू केला. पडद्यावर गोल फिरू लागले आणि खाली सूचना आली, अपडेट चालू आहे, कम्प्युटर बंद करू नका. वीस टक्के, तीस टक्के, आणि मग आकडा हलेचना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मुलगी चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "अब्बू, दादांची ती शब्दांची फाइल दुसरीकडे ठेवली आहे ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

दादा म्हणजे माझे अब्बा. तेही शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका जाड वहीत शब्द लिहायला सुरुवात केली. उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे चालणारे, पण अर्थाने थोडे सरकलेले शब्द. उर्दूत 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे ते, मराठीत 'मजकूर' म्हणजे लिहिलेले सगळे. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. मुख्याध्यापक खुलासा मागतात तेव्हा सारांश लिहून चालत नाही, असे अब्बा हसत हसत सांगायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला, त्यात ती वही भिजून लगदा झाली. तोपर्यंत मी टाइप केलेली पाने तेवढी वाचली, उरलेली गेली. दोन वर्षांनी अब्बाही गेले.

म्हणजे एकदा गमावून बसलेल्या माणसाने उरलेले सगळे पुन्हा एकाच ठिकाणी ठेवले होते. वहीच्या जागी कम्प्युटर आला होता, बाकी काही बदलले नव्हते.

तासाभराने कम्प्युटर नीट सुरू झाला. फाइल जागेवर होती. माझे काही गेले नाही. पण त्या एका तासात जे सुचले ते लिहून ठेवायला हवे, कारण आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती माझ्यासारखीच आहे. निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, लग्नाचे फोटो, आई-वडिलांचे जन्माचे दाखले, जमिनीचे उतारे, सगळे एका यंत्रात. आणि ते यंत्र रात्री कुणाला न विचारता स्वतःला बदलून घेते.

ही भीती उगाच नाही. २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोठे अपडेट आणले. आवृत्तीचा क्रमांक १८०९. ते बसवल्यावर काही लोकांच्या लक्षात आले की आपले डॉक्युमेंट्स, फोटो असलेले फोल्डर रिकामे झाले आहेत. तक्रारी वाढल्या तसे कंपनीने चार-पाच दिवसांतच ते थांबवले. दुरुस्ती करून ते पुन्हा आले १३ नोव्हेंबरला.

कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर सी ड्राइव्हवर असतात. पण जागा कमी पडते किंवा सी ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागतो, म्हणून काही जण ते डी ड्राइव्हवर हलवतात. तशी सोय विंडोजनेच दिली आहे. हलवताना जुन्या फाइली सोबत न्यायच्या का, असा प्रश्न येतो. काहींनी त्या जुन्याच जागी राहू दिल्या. आधीच्या एका अपडेटनंतर अशा कम्प्युटरांवर रिकामे जुने फोल्डर उगाच दिसत होते. ती अडगळ काढण्यासाठी नव्या अपडेटमध्ये एक तुकडा घातला गेला, आणि त्याने फोल्डर रिकामे आहे की भरलेले हे न पाहता ते पुसून टाकले. झाडू मारणाऱ्याने रद्दीबरोबर कपाटातली कागदपत्रेही बाहेर टाकावीत, तसे झाले.

यात दोन गोष्टी मला बोचतात. पहिली ही, की नुकसान झाले त्यांतले अनेक जण बेफिकीर नव्हते. सी ड्राइव्ह बिघडला तरी आपले काम वाचावे म्हणून फोल्डर हलवणारी काळजीवाहू माणसे होती ती. दुसरी ही, की अपडेट सर्वांना देण्याआधी जे लोक ते हौसेने तपासून पाहतात, त्यांतल्या काहींनी फाइली गेल्याची तक्रार आधीच केली होती. ती ढिगात दबून गेली. पुढे कंपनीने तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोय केली. शिक्षक म्हणून मला हे ओळखीचे वाटते. मागच्या बाकावरचा मुलगा हात वर करून बसलेला असतो आणि आपण फळ्याकडे तोंड करून पुढे शिकवत राहतो.

कंपनीने सांगितले की अशा तक्रारींचे प्रमाण ०.०१ टक्का आहे. म्हणजे दहा हजारांत एक. गणित बरोबर असेल. पण ज्याच्या मुलीच्या बालपणाचे फोटो गेले त्याच्यासाठी टक्का शंभरच असतो. शिवाय हा कार्यक्रम कोट्यवधी यंत्रांवर चालतो. तिथे दहा हजारांत एक म्हणजे मूठभर माणसे नव्हेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये वेगळाच प्रकार झाला. विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटनंतर काहींना डेस्कटॉप कोरा दिसला, फाइली गायब. प्रत्यक्षात कम्प्युटरने त्यांना एका तात्पुरत्या खात्यात नेऊन बसवले होते आणि त्यांचे खरे फोल्डर नाव बदलून सी ड्राइव्हच्या 'युजर्स'मध्येच पडून होते. ज्यांनी घाईने सगळे फॉरमॅट करून घेतले असेल, त्यांनी हाताने आपले नुकसान करून घेतले. म्हणून फाइली दिसेनाशा झाल्या तर पहिला नियम, घाबरून काही करू नका. नवीन काही साठवू नका, काही बसवू नका. पुसलेल्या फाइलची जागा नवी फाइल घेऊ शकते, आणि मग जाणकारालाही ती परत आणता येत नाही.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग अपडेटच बंद करून टाकू. आमच्या स्टाफरूममध्ये हा सल्ला रोज मिळतो. मला तो मान्य नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले कामही विस्कळीत झाले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते त्यांना फटका बसला. तेव्हा अपडेट टाळणे म्हणजे दार दुरुस्त करणारा सुतार चूक करील म्हणून दार मोडकेच ठेवणे. सुतार येऊ द्या. फक्त तो यायच्या आधी मौल्यवान वस्तू दुसरीकडे हलवा.

ही दुसरी जागा म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. 'माझे सगळे डी ड्राइव्हवर आहे' असे पुष्कळ जण निर्धास्तपणे सांगतात. घरच्या कम्प्युटरमध्ये सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच पेटीचे दोन कप्पे. पेटी बिघडली की दोन्ही गेले. दुसरा गैरसमज 'सिस्टम रिस्टोर'चा. त्याने विंडोजची मांडणी मागे नेता येते, आपल्या खासगी फाइली परत येत नाहीत. तिसरा गैरसमज क्लाउडचा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांचे मुख्य काम दोन्हीकडे सारखे ठेवणे हे आहे. इकडची फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत मिळते, कायमची नाही. म्हणून क्लाउड असावा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची का, हे सांगली-कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हा विचार आपल्याला नवाही नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी ती लोकांच्या ओठांवर होती म्हणून तरली, असे आपण मुलांना शिकवतोच.

आता मी काय करतो ते सांगतो. एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली. महिन्यातून एकदा, आणि मोठ्या अपडेटच्या आधी हमखास, त्यावर फाइली उतरवतो आणि लगेच काढून कपाटात ठेवतो. जोडूनच ठेवली तर वॉनाक्रायसारखा व्हायरस तीही कुलूपबंद करतो. प्रत काढल्यावर दोन-चार फाइली दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघतो. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. विंडोजमध्ये अपडेट काही आठवडे थांबवून ठेवायची सोय आहे. आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट मी महिनाभर थांबून घेतो, पण दरमहाचे सुरक्षा अपडेट आठवड्यापलीकडे टाळत नाही. आणखी एक. नव्या कम्प्युटरांत डिस्क सांकेतिक कुलपात असते. काही वेळा अपडेटनंतर ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते. ती किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवा. फाइली शाबूत आहेत, पण दार उघडत नाही, अशी वेळ येऊ नये. आधार, दाखले यांचे स्कॅन मात्र उघड्या पेनड्राइव्हवर फिरवू नका. त्यांना पासवर्ड हवाच.

उर्दू आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्यापैकी अनेकांचे वर्षानुवर्षांचे उर्दू काम इनपेजमध्ये आहे आणि मराठी काम श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. ही साधने आपल्या भाषांवर उपकार करून गेली. पण जुन्या इनपेजची फाइल दुसरा कार्यक्रम उघडत नाही, आणि जुन्या फॉन्टमधले मराठी, तो फॉन्ट नसेल तर, इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसते. उद्या नव्या विंडोजवर जुना कार्यक्रम चाललाच नाही, तर फाइल असूनही आपल्या हाती काही नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. पुष्कळ जण नव्या आवृत्तीकडे वळत आहेत. जुना कम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातले सगळे लेखन युनिकोडमध्ये आणून घ्या. अब्बांच्या शब्दांचे हे काम मला तीन रविवार पुरले.

पण सगळी जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकून हा लेख संपवणे मला न्यायाचे वाटत नाही. अपडेट कंपनी पाठवते, वेळ बहुधा तीच ठरवते, आणि परवान्याच्या लांबलचक करारात नुकसानीची आपली जबाबदारी मर्यादित करून ठेवते. मग निदान एवढे तरी करा. माणसाच्या खासगी फोल्डरमधले काहीही त्याला विचारल्याशिवाय पुसायचे नाही, हा नियम पाळा. मोठ्या अपडेटच्या आधी पडद्यावर एकच प्रश्न विचारा, तुमच्या फाइलींची दुसरी प्रत आहे का? आणि तो मराठीत विचारा, उर्दूत विचारा.

शाळांचेही तेच. यू-डायस, सरल, शालार्थ, सगळी माहिती ऑनलाइन भरायची. कम्प्युटरची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला होते. त्यातल्या माहितीची प्रत कुठे आहे, हे तपासणीला आलेले कुणी विचारत नाही. जनरल रजिस्टरमधली आजोबांच्या नावाची एक जुनी नोंद मिळावी म्हणून माणसे दोन-दोन दिवस रजा टाकून शाळेत येतात, हे मी पाहतो. जातीचा दाखला, पासपोर्ट, शिष्यवृत्ती, कशासाठी तरी ती ओळ लागते. हल्ली ती रजिस्टरे स्कॅन होऊ लागली आहेत, चांगली गोष्ट आहे. पण स्कॅन एकाच यंत्रात राहणार असेल तर आपण फक्त वाळवीची जागा बदलली. शाळेच्या अंदाजपत्रकात एका बाहेरच्या हार्ड डिस्कची ओळ असावी आणि ती कुणाच्या ताब्यात राहील हे लेखी ठरावे. हा खर्च एका टेबलाच्या खर्चाहून मोठा नाही.

३१ मार्च हा दिवस जगात 'बॅकअप डे' म्हणूनही पाळला जातो. आपण त्या दिवशी हिशेब बंद करतोच. त्याच संध्याकाळी अर्धा तास काढून प्रती काढा. ३१ मार्चची वाट कशाला, आज रात्रीही चालेल.

अब्बांचे शब्द आता तीन ठिकाणी आहेत. एक माझ्या कम्प्युटरवर, एक कपाटातल्या डिस्कवर, आणि एक पेनड्राइव्ह पुण्याला बहिणीकडे. तो देताना तिने विचारले, यात काय आहे? मी म्हणालो, अब्बांचे हस्ताक्षर सोडून सगळे. हस्ताक्षर पुरात गेले. त्याचा फोटो काढून ठेवायचे तेव्हा कुणाला सुचले नाही.