गाडीच्या रेसची वायर व मालकाची हयगय

पोळा जवळ आला कीं बैलांस नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा घेण्याची आपली जुनी रीत आहे. जुना कासरा तुटलेला नसतो. तरी तो बदलावयाचा, कारण उतारावर बैल आवरतांना तो तुटला तर काय होतें हें आपल्या वडिलांनीं पाहिलेलें होतें. आतां पुष्कळांच्या दारीं बैलांच्या जोडीला, किंवा त्यांच्या जागीं, पिकअप गाडी उभी असते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो. परंतु तिचें बॉनेट उघडून तिचा कासरा कोणी तपासीत नाहीं. ह्या हयगयीविषयीं स्पष्ट लिहिणें अगत्याचें वाटतें.

गाडीचा कासरा म्हणजे एक्सिलेटरची तार. तिलाच मिस्त्री व ड्रायव्हर रेसची वायर म्हणतात. अलीकडच्या गाड्यांत ही तार राहिलेली नाहीं. पेडलचा दाब विजेच्या संकेतानें इंजिनास कळतो. परंतु साध्या डिझेल पंपाच्या ज्या जुन्या गाड्या अजून राबत आहेत, त्यांत पायाखालचें पेडल व पंपावरील लिव्हर ह्यांस जोडणारी ही एकच तार आहे. पोलादाचे बारीक पदर पिळून ती केलेली असते व एका नळींतून सरकते. पेडल दाबलें कीं लिव्हर ओढला जातो. पाय उचलला कीं स्प्रिंग त्यास मागें नेते.

कित्येकांची समजूत अशी कीं, फार तर ही तार तुटेल आणि गाडी जागच्या जागीं राहील. हें अर्धेंच खरें आहे. तार पुरती तुटली तर इंजिन मंद होतें व खोळंबा तेवढा होतो. खरें भय तुटण्याच्या आधींचें आहे. सगळे पदर एकदम जात नाहींत. वळणापाशीं किंवा टोंकाच्या गुंडीपाशीं एकेक तुटतो, आणि तुटलेलें टोंक काट्यासारखें उभें राहून नळीच्या तोंडांत रुततें. मग पाय उचलला तरी तार मागें सरकत नाहीं आणि इंजिन जोरांतच राहतें. भरलेली गाडी माळशेज घाट उतरत असतां हें झालें तर काय, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

दुसऱ्यास दोष देण्यासाठीं मी हें लिहीत नाहीं. पेडल जड झालें आहे असें आमच्या ड्रायव्हरनें मला दोन वेळां सांगितलें होतें, आणि टोमॅटोचा हंगाम होऊं दे, मग पाहूं, असें उत्तर दोन्ही वेळां मींच दिलें. पुढें एका पहाटे आळेफाट्याच्या अलीकडे पेडल खालींच राहिलें. क्रेटांवर दोन मजूर बसले होते. बसवावयास नको होते, पण बसले होते. रस्ता रिकामा म्हणून निभावलें. ड्रायव्हरनें क्लच दाबला, ब्रेक धरून गाडी कडेला घेतली व मग इंजिन बंद केलें. हाच क्रम योग्य होय. चालत्या गाडींत आधींच इंजिन बंद केलें तर ब्रेकला मिळणारी मदत संपते, स्टिअरिंग जड होऊं शकतें, आणि घाबरून किल्ली काढली तर तें अडकूनही बसतें. क्लच दाबतांच इंजिन मोठ्यानें ओरडतें. परंतु पंपांतील गव्हर्नर त्याचा वेग मर्यादेबाहेर जाऊं देत नाहीं, सबब त्या आवाजास भिऊन क्लच सोडूं नये.

गाडीवर बसणारा आपण नव्हे, पगारी माणूस असतो. आणि वायर बदलावयाची कीं नाहीं हें ठरविणारा मात्र मालक असतो. म्हणून ह्या बाबतींत 'अजून चालते आहे' हें मालकाचें वाक्य मला काटकसरीचें वाटत नाहीं. बांधणीच्या तारेची गांठ मारणें, तुटके पदर पक्कडीनें कापणें, जादा स्प्रिंग अडकविणें हे सर्व उपाय एका फेरीपुरतेही विश्वासाचे नाहींत. नवी वायर डिझेलच्या एका टाकीच्या मानानें कांहींच नाहीं.

बदलण्याचें काम घरीं होण्याजोगें आहे. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढून, चाकांस दगड लावून, इंजिन थंड झाल्यावर हात घालावा. जुनी वायर कोणत्या वाटेनें गेली आहे तें नीट पाहून ठेवावें. मोबाइलवर फोटो काढला तर उत्तम. पंपाकडील नट सैल करून टोंक लिव्हरवरून उतरवावें, मग पेडलकडील गुंडी सोडवावी. ओढून काढण्यापूर्वीं जुन्या वायरीच्या टोंकास सुतळी बांधावी, म्हणजे नेफ्यांत नाडी ओवावी तशी नवी वायर त्याच वाटेनें आणतां येते. नवी व जुनी शेजारीं ठेवून नळीची लांबी व बाहेर राहणाऱ्या तारेची लांबी दोन्ही मोजाव्या. दुकानदाराच्या 'चालेल' वर जाऊं नये. नुसती आंतली तार बदलून जुनी नळी ठेवणें व्यर्थ, कारण पुष्कळदां तार खाणारी ती नळीच असते. पत्र्याच्या भोंकांतील रबर गेलें असेल तर तें आधीं बसवावें. तीव्र वळण नको, आणि धुराच्या तापलेल्या नळीचा स्पर्श तर मुळींच नको. नळीस आंतून प्लास्टिकचें अस्तर असल्यास ग्रीस भरूं नये. तें धूळ धरतें.

शेवटीं ताण जुळविणें, आणि येथें घाई होते. पाय नसतांना लिव्हर मंद गतीच्या थांब्यावर पुरता टेकला पाहिजे व तारेंत किंचित् ढील राहिली पाहिजे, कारण रबरावर बसविलेलें इंजिन चालतांना हलतें. वायर ताठ राहिली तर उभ्या गाडींतही डिझेल जळतें. फार सैल राहिली तर चढावर जोर मिळत नाहीं. एकानें पेडल तळापर्यंत दाबावें, दुसऱ्यानें लिव्हर दुसऱ्या थांब्याला लागतो कीं नाहीं तें पाहावें. पाय काढतांच लिव्हर खाडकन परत यावा. रेंगाळला तर काम पुरें झालें नाहीं. पेडलखालीं दुमडलेलें गोणपाट असेल तर तें त्याच वेळीं काढून टाकावें.

उतरविलेली वायर अडचणीला म्हणून सीटमागें ठेवण्याची आपली संवय आहे. ती ठेवूं नये. तिचे दोन तुकडे करून भंगारांत द्यावी, नाहीं तर ऐन हंगामांत कोणीतरी तीच पुन्हां बसवील.