जुन्या मोटारीचे मोल आणि विम्याचा कागद

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे जी फियाट ११०० बाहेर पडू लागली, ती पश्चिम महाराष्ट्रातील आणि मुंबईतील व्यापारी घराण्यांच्या दारात उभी राहिलेली मोटार ठरली. तिच्या एका जुन्या अवताराला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९७२ मध्ये ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. आजोबांनी घेतलेली अशी गाडी आजही काही घरांत जपलेली आढळते. दसऱ्याला तिची पूजा होते, एखाद्या रविवारी ती फेरफटक्याला निघते आणि नातवंडांना स्टिअरिंगजवळच्या गिअरचे नवल वाटते.

अशा गाडीला एखादा भरधाव टेम्पो बाजूने घासून गेला, तर घरातील माणसे सुखरूप असल्याचे समाधान पहिल्या दिवशी पुरते. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो आणि गाडीची किंमत किती, हा प्रश्न उभा राहतो. कुटुंबाला वाटते, गाडी अमोल आहे. सर्व्हेअरच्या हातातील पॉलिसीवर मात्र एक आकडा छापलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो आकडा कुटुंबातील कोणीही कधी वाचलेला नसतो.

या आकड्याला विमाधारकाने घोषित केलेले मूल्य म्हणतात. व्यवहारात सर्वजण आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीसाठी त्याचे कोष्टक ठरलेले आहे : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, पुढे २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. मात्र पाच वर्षांहून जुन्या गाडीचे आणि ज्या मॉडेलचे उत्पादनच बंद झाले आहे अशा गाडीचे मूल्य विमा कंपनी आणि ग्राहक यांनी परस्पर समजुतीने ठरवावे, अशी तरतूद आहे. एजंट गेल्या वर्षीचा आकडा उचलतो, सवयीने त्यातून थोडा आणखी कमी करतो आणि हप्ता कमी आला म्हणून ग्राहकही संतुष्ट होतो. पेढीवर मालाच्या शिलकेचे मूल्यांकन करताना जो व्यापारी पै-पैचा हिशेब तपासतो, तोच घरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचा कागद न पाहता सही करतो, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. आणि एकदा पॉलिसी निघाली की त्या मुदतीत तोच आकडा गाडीचा बाजारभाव मानला जातो. टोटल लॉसच्या दाव्यात त्यातून पुन्हा घसारा कापता येत नाही, ही जमेची बाजू. पण त्याहून अधिक मागताही येत नाही.

याचा परिणाम आकड्यांतच पाहावा. समजा, १९६७ सालच्या फियाटवर कुटुंबाने पत्रा, रंग, इंजिन आणि आतील गाद्या यांवर चार लाख रुपये खर्च केले आहेत, पण पॉलिसीवर ६०,००० रुपये लिहिले आहेत. अपघातात डावे मडगार्ड, बॉनेट, जाळी, दिवा, रेडिएटर आणि समोरची काच गेली. गॅरेजचा अंदाज १,१०,००० रुपये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी टोटल लॉस धरली जाते. येथे ती मर्यादा अवघी ४५,००० आहे. म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी, चाकांवर उभी असलेली गाडी कागदावर संपली. हाती येणार ६०,०००, त्यातूनही सक्तीची वजावट जाणार, आणि सांगाडा कंपनीचा.

आता त्याच गाडीवर साडेचार लाखांचे मूल्य लिहिले असते, तर मर्यादा ३,३७,५०० रुपयांची झाली असती आणि दावा दुरुस्तीचा राहिला असता. त्यातही कात्री आहेच. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा लागतो; रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर कोणत्याही वयात ५० टक्के; काचेवर काहीच नाही. रंगकामात केवळ साहित्याच्या खर्चावर ५० टक्के, आणि बिल एकत्रित असेल तर साहित्य एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात. मजुरी पूर्ण मिळते. समजा, वरील १,१०,००० मध्ये पत्र्याचे व धातूचे भाग ५६,००० चे, काच ४,००० ची, रंगकाम २४,००० चे आणि मजुरी २६,००० ची आहे. मग भागांचे २८,०००, काचेचे ४,०००, रंगाचे २१,००० आणि मजुरीचे २६,००० मिळून ७९,००० रुपये होतात; त्यातून सक्तीची वजावट जाते. गाडी मात्र घरी राहते. म्हणूनच पत्र्याचे काम, रंग आणि मजुरी यांची रक्कम बिलात वेगवेगळी लिहून घेण्याचा आग्रह धरावा. सगळे एका ओळीत ‘दुरुस्ती’ म्हणून लिहिणारा गॅरेजवाला नकळत ग्राहकाचे नुकसान करतो.

‘व्हिंटेज’ या शब्दाने येथे मोठा घोटाळा होतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि अशी नवी नोंदणी घेतल्यास क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. विम्याच्या २००२ च्या जुन्या टॅरिफमध्ये मात्र व्हिंटेजचा अर्थ निराळा : ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. अशा गाडीलाच ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ म्हणजे आधी मान्य केलेल्या रकमेची पॉलिसी देण्याची मुभा त्या टॅरिफने दिली होती. हप्त्यांचे दर २००७ पासून मोकळे झाले, तरी पॉलिसीच्या शब्दरचनेवर त्या टॅरिफची छाप अद्याप आहे. तेव्हा १९६७ ची फियाट आरटीओच्या दृष्टीने व्हिंटेज असूनही विम्याच्या त्या व्याख्येत बसत नाही, आणि तिच्या मालकाला परस्पर समजुतीच्या कलमावरच उभे राहावे लागते. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. अशी गाडी रोज दुकानात नेली आणि वाटेत अपघात झाला, तर दावा आपणच कमकुवत केला असे होईल.

समजूत पटवायची कशी? छापील भावपत्रक अशा गाड्यांचे नाही. म्हणून पुरावा स्वतः जमवावा लागतो, आणि तो अपघातापूर्वीचा असला तरच त्याला वजन येते. गाडीची चारही बाजूंची, इंजिनची, चॅसिस क्रमांकाची आणि अंतर्भागाची तारखेसह छायाचित्रे. दुरुस्तीची प्रत्येक पावती. त्याच मॉडेलच्या, त्याच अवस्थेतील गाड्या प्रत्यक्षात किती रुपयांना विकल्या गेल्या त्याच्या नोंदी. आणि परवानाधारक सर्व्हेअर किंवा मूल्यनिर्धारकाचा लेखी अहवाल. हे सारे नूतनीकरणापूर्वी कंपनीला पत्राने पाठवून, त्यानुसार आयडीव्ही लिहून घ्यावा. हप्ता वाढेल, हे खरे. येथे एक अडचण व्यापाऱ्यांना लगेच कळेल. या गाड्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात किंवा चोरबाजारात मिळतात आणि ते बिनपावतीचे असतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून हा माल शोधणे आणखी जिकिरीचे होत चालले आहे. परंतु पावतीविना घेतलेला भाग दाव्यात शून्य असतो, आणि नसलेली पावती नंतर ‘तयार’ करणे हा फसवणुकीचा प्रकार ठरून संपूर्ण दावाच बुडू शकतो. चार पैसे अधिक देऊन बिल देणाऱ्या दुकानदाराकडे जावे.

अपघातानंतर कंपनीला त्वरित कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी गाडी खोलू नये. पाहणीच्या वेळी गाडीचा नेहमीचा मिस्त्री तेथे हजर असावा. नव्या गाड्यांची सवय असलेल्या सर्व्हेअरला मूळ मडगार्ड आणि फायबरची नक्कल यांतील अंतर त्यानेच दाखवलेले बरे. काढलेले भाग पुनर्पाहणी होईपर्यंत जपून ठेवावेत. गाडी टोटल लॉस ठरलीच, तर सांगाडा स्वतःकडे ठेवून त्याची भंगार किंमत वजा करून रक्कम घेता येते का, आणि आरसी बुक रद्द न करता हे होईल का, हे लेखी विचारावे. जुन्या गाडीच्या सांगाड्याला भागांसाठी गिऱ्हाईक असल्याने ही भंगार किंमत कधी कधी फुगवून धरली जाते. ती कोणाच्या बोलीवर ठरली, याचा कागद मागावा.

अपघातात पडलेल्या गाडीचा पुनर्विक्री भाव नंतर कमी होतो, ती तूट मात्र स्वतःच्या पॉलिसीतून मिळत नाही. अप्रत्यक्ष हानी आणि घसारा पॉलिसीने स्पष्टपणे वगळलेले असतात. दोष समोरच्या वाहनाचा असेल, तर आपल्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो.

सर्व्हेअरचा अहवाल आल्यावर त्याची प्रत मागून घ्यावी. तो विमाधारकाचा हक्क आहे. तो अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीपकुमार यांच्या प्रकरणात म्हटले आहे. त्याच वर्षीच्या श्री व्यंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात न्यायालयाने उलट बाजूही सांगितली : मनासारखा अहवाल येईपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्व्हेअर नेमता येत नाहीत. ‘पूर्ण व अंतिम’ अशा शब्दांच्या पावतीवर घाईने सही करू नये. अशी सही दबावाखाली किंवा फसवून घेतली असल्यास ग्राहकाचा हक्क संपत नाही, असा निर्णय अजमेर सिंह कॉटन मिल्सच्या दाव्यात १९९९ मध्ये झालेला आहे; पण तो दबाव सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावरच पडते.

तडजोड झालीच नाही, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि २०२३ पासून तेथे ५० लाख रुपयांपर्यंतचा दावा ऐकला जातो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकाला तो मान्य नसल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो, मात्र तेथे दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. जाताना पॉलिसी, सर्व्हेअरचा अहवाल, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि अपघातापूर्वीच्या मूल्यांकनाची प्रत सोबत न्यावी.