बालकाचा कैवार

महाभारताच्या वनपर्वांत अष्टावक्राची कथा आहे. आठ ठिकाणीं वांकलेल्या देहाचा तो बालक जनकाच्या यज्ञमंडपाशीं आला, तेव्हां तो लहान म्हणून द्वारपालानें त्यास अडविलें. अष्टावक्रानें द्वारपालाशीं वाद घालून प्रवेश मिळविला आणि आंत जाऊन बंदी नामक पंडितास जिंकलें. ही कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु तींतील एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. अष्टावक्राचे अवयव वांकडे होते, पण वाचा स्पष्ट होती. ज्या बालकाचे हातपायही ऐकत नाहींत आणि जीभही ऐकत नाहीं, त्यानें द्वारपालाशीं वाद कसा घालावा? त्याचा वाद त्याच्या घरानें घातला पाहिजे, हेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

ज्या अवस्थेस डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तिला मराठींत मेंदूचा पक्षाघात असें नांव आहे. गर्भावस्थेंत, जन्मसमयीं किंवा त्यानंतर लवकरच कोवळ्या मेंदूस इजा झाली म्हणजे स्नायूंवरील ताबा बिघडतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची उणीव, तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशीं तिचीं कारणें सांगतां येतात. मेंदूची ही इजा पुढें वाढत जात नाहीं, आणि ही अवस्था एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम लिट्ल यांनीं १८६१ सालींच तिचा संबंध कठीण प्रसूतीशीं जोडून दाखविला होता. असें असतां आजही आपल्या माजघरांत 'ग्रहणांत सुनेनें विळीवर कांहींतरी चिरलें असेल' हें निदान ऐकूं येतें! आधींच खचलेल्या मातेच्या माथीं हें खापर फोडणें निव्वळ क्रौर्य होय.

'याचा आजाही दोन वर्षांचा होऊन चालला' हें माजघरांतील दुसरें निदान. त्यावर विसंबून मोलाचे महिने फुकट जातात. चार महिन्यांचें मूल मान धरीत नसेल, नऊ महिन्यांचें बसत नसेल, वर्षाच्या आंतच एकाच हातानें सर्व कांहीं करूं लागलें असेल, किंवा उचलतांच त्याचे पाय कात्रीसारखे आंवळत असतील, तर वडील मंडळींनींच पुढाकार घेऊन त्यास बालरोगतज्ज्ञाकडे न्यावें.

तिसरा भ्रम सर्वांत घातक. बोलणें अस्पष्ट, म्हणून बुद्धि मंद, असें लोक धरून चालतात. कांहीं मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो, पुष्कळांच्या होत नाहीं. परीक्षा न घेतांच नापास करणें कोणाही शिक्षकास शोभत नाहीं. श्रीमती मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईंत अशा मुलांसाठीं शाळा काढली. त्यांची कन्या मालिनी याच अवस्थेची. मालिनी चिब यांनीं मुंबईंत पदवी घेतली, लंडनमध्यें एम. ए. केलें, आणि एका बोटानें टंकलेखन करून २०१० सालीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें.

आमच्या पुतण्याचा मुलगा सहा वर्षांचा आहे. पाय ताठ, बोलणें जड; घरच्यांस समजतें, परक्यास समजत नाहीं. पाढे त्याला अकरापर्यंत येतात, आणि आम्ही मुद्दाम चुकीचा पाढा म्हटला कीं तो खदखदां हंसतो. त्याला घराजवळच्या शाळेनें 'आमच्याकडे सोय नाहीं' असें सांगून परत पाठविलें. घरांत दोन पक्ष पडले. आमच्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बाळाचें चारचौघांत हंसें करून काय मिळवायचें? तुम्हीच घरीं शिकवा कीं." त्यांच्या बोलण्यांत माया होती. त्यावर सूनबाई हळूच म्हणाली, "काका, अक्षरें तुम्ही शिकवाल; मित्र कोठून आणाल?" तिच्या या प्रश्नानें वाद मिटला.

मग पुतण्या, सूनबाई व आम्ही मुख्याध्यापकांस भेटलों. दया मागितली नाहीं. 'सोय' म्हणजे नेमकें काय, तें अर्जांत मांडलें. वर्ग तळमजल्यावर असावा. हात व पाय टेकण्याची फळी असलेली खुर्ची आम्ही आणूं. लघवीस नेण्यास घरचें माणूस दोन वेळां येईल. उत्तर देण्यास त्याला अधिक वेळ मिळावा. दिव्यांग व्यक्ति हक्क कायदा, २०१६ अन्वयें किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत, अथवा पसंतीच्या विशेष शाळेंत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, हेंही लिहिलें. अर्जाची पोंच घेतली आणि नकार असल्यास तो लेखी द्यावा अशी विनंती केली. तोंडीं नकार देणें सोपें असतें, सहीनिशीं देणें अवघड जातें. तीन आठवड्यांनीं होकार आला. बाळ अजून पडतो, डबा सांडतो, कांहीं पालक कुरकुर करतात. परंतु त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलास त्याचें बोलणें आतां आमच्याहून अधिक समजतें.

एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें होतो. अशा मुलास दिवसांतून वीस वेळां उचलून मातेची कंबर जाते. व्यायामाच्या वेळा घरांत वांटून घ्याव्या. भरवतांना त्यास सरळ बसवून लहान घांस द्यावे. हें काम आजी उत्तम करते. आजोबांनीं दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र, डॉक्टरांचीं टिपणें, अर्ज व पोंच यांचें दप्तर तारीखवार ठेवावें. चुलत भावंडांनीं त्याला खेळांत घ्यावें. आणि पाहुण्यांनीं 'याला काय आवडतें?' असें विचारलें, तर सर्वांनीं गप्प राहून त्याच्याकडे पाहावें. मानेनें, डोळ्यांनीं, बोटानें, जसें जमेल तसें उत्तर त्यालाच देऊं द्यावें, मग त्यास कितीही वेळ लागो. उद्यां आपल्या पश्चात् आपला वाद त्यालाच घालावयाचा आहे, आणि त्याचा अभ्यास घरांतच सुरू झाला पाहिजे.